लेट इंग्लंड शेक : आधी शब्द, मग चाल

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट नावाची काउंटी आहे, तिथं ब्रिडपोर्टजवळ ईप नावाचं छोटं गाव आहे, आणि गावात समुद्राच्या बाजूला एकोणिसाव्या शतकातलं एक चर्च आहे. 2010 च्या एप्रिल-मेमध्ये पाचेक आठवडे या चर्चमध्ये ड्रम, गिटार, माइक, केबली असा सगळा पसारा मांडला होता. पीजे हार्वी ही ब्रिटिश गायिका-गीतकार इथं तिचा अल्बम रेकॉर्ड करत होती. लेट इंग्लंड शेक.

ती इथलीच. पॉली जीन हार्वी, जन्म 1969, ब्रिडपोर्टचा. वडलांचा दगडाच्या खाणीचा व्यवसाय, आई शिल्पकार. 1992 साली पहिला अल्बम ड्राय आला, पुढच्याच वर्षी रिड ऑफ मी, आणि ज्यांनी तेव्हा ऐकलंय त्यांना माहितीये की काय आवाज होता तो, खरखरीत गिटार, मध्येच कुजबुज आणि मध्येच अंगावर येणारी किंकाळी, आणि गाणी सगळी प्रेम, शरीर, राग यांच्याभोवतीची. मग हीच बाई चाळिशीत युद्धावर लिहायला बसते. तेही कसं, तर आधी नुसते शब्द. दोन-अडीच वर्षं ती वाचत होती आणि लिहीत होती, इराक-अफगाणिस्तानातल्या सैनिकांचं, तिथल्या साध्या माणसांचं म्हणणं, पहिल्या महायुद्धातल्या आठवणी. कागदावर कविता म्हणून उभं राहिलं तरच त्याला चाल लावायची.

मला विचाराल तर अख्खा अल्बम या एका निर्णयावर उभा आहे. कारण युद्धाविरुद्ध गाणं म्हटलं की घोषणा सुरू होतात, आणि इथं घोषणा नाहीच. इथं माणूस सांगतोय की मी काय बघितलं. झाडांना लटकलेले हातपाय, माश्या, चिखल. बस्स, एवढंच सांगतो आणि गप्प बसतो.

पण असे शब्द गायचे कुठल्या आवाजात? तिचा जुना भारदस्त आवाज लावला असता तर ऐकणारा तिच्याकडेच बघत बसला असता. म्हणून तिनं आवाज वर नेला, हलका केला, जवळजवळ लहान मुलीसारखा, ज्याला स्वतःचं मत नाही, जो फक्त निरोप पोचवतोय. ऑन बॅटलशिप हिल ऐका, गिटार सुरू होते, मग अचानक तो उंच, पातळ सूर येतो आणि पहिल्यांदा ऐकताना वाटतं की दुसरंच कोणीतरी गातंय. हातात गिटारऐवजी बऱ्याचदा ऑटोहार्प, म्हणजे आपल्या स्वरमंडलाच्या जवळचं वाद्य, फक्त यात बटण दाबलं की कॉर्ड, म्हणजे एकत्र जुळणारे सूर, लागते. छातीशी धरून वाजवायचं. त्या तारांचा झिरमिर आवाज सगळ्या अल्बमभर आहे आणि त्यामुळे गाणी अशी तरंगत राहतात, खाली शब्द मात्र रक्तामातीचे.

सोबतीला जुनी माणसं. जॉन पॅरिश, ज्याच्या बँडमध्ये ती विशीच्या आत वाजवायला गेली होती. मिक हार्वी, ऑस्ट्रेलियाचा, आडनाव सारखं असलं तरी नात्यातला नाही. ड्रमवर जाँ-मार्क बुटी, आणि निर्मितीत फ्लड, हे एका ब्रिटिश निर्मात्याचं टोपणनाव. बरंचसं सगळ्यांनी एकत्र वाजवून रेकॉर्ड केलं.

आता द ग्लोरियस लँड. गाणं नीट लयीत चाललंय आणि मध्येच लष्करी बिगुल वाजतो. तो ना गाण्याच्या सुरात आहे ना तालात! पहिल्यांदा वाटतं आपल्याच फोनवर दुसरं काहीतरी सुरू झालं. तो तसाच ठेवलाय, मुद्दाम, कारण युद्ध असंच येतं ना, चाललेल्या आयुष्याचा ताल न विचारता. आणि द वर्ड्स दॅट मेकेथ मर्डरच्या शेवटी अमेरिकन रॉक गायक एडी कॉक्रनच्या 1958 मधल्या समरटाइम ब्लूजची एक ओळ येते, आपली तक्रार युनायटेड नेशन्सकडे न्यावी का, अशी. मूळ गाण्यात ती वैतागलेल्या पोराची गंमत होती. इथं मेलेली माणसं बघून आलेला सैनिक तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो आणि ऐकणाऱ्याचं हसू जागीच थांबतं.

अल्बममधली बरीच गाणी गॅलिपोलीची आहेत, आजच्या तुर्कस्तानातला किनारा. 25 एप्रिल 1915 ला ब्रिटिश, फ्रेंच, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचं सैन्य तिथं उतरलं आणि 1916 च्या जानेवारीत उरलेले परत निघाले, हाती काही न लागता. दोन्ही बाजूंचे मिळून लाखाच्या वर माणसं गेली. त्यात हिंदुस्थानी फौजही होती, शीख, गुरखे, खेचरांवरून पाणी आणि दारूगोळा नेणारे. मराठा पलटणी त्याच महायुद्धात इराकमध्ये, टायग्रिसच्या काठी लढल्या, कुतच्या वेढ्यात अडकल्या. साताऱ्याकडच्या, कोकणातल्या कितीतरी गावांत आजही दगडी पाटी आहे, या गावातून इतके गेले, इतके मेले. म्हणून रिटन ऑन द फोरहेड या गाण्यात जेव्हा पळणारी माणसं, दिनार, खजुराची झाडं, जळतं तेल येतं, तेव्हा ती जागा आपल्याला अगदीच परकी नाही.

शेवटचं गाणं, द कलर ऑफ द अर्थ, सुरुवातीला पॉली गातच नाही, मिक हार्वी गातो. मित्र पुढे धावला आणि परत दिसला नाही, एवढीच गोष्ट. ऑस्ट्रेलियन सैनिकाची आठवण ऑस्ट्रेलियन माणसाच्या साध्या, जरा जाडसर आवाजात, आणि हे फार बरोबर केलंय.

अल्बम 2011 च्या फेब्रुवारीत आला, त्याच वर्षी मर्क्युरी प्राइझ, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस, मिळालं. हे बक्षीस दोनदा मिळवणारी ती पहिलीच. पहिलं मिळालं तो दिवस होता 11 सप्टेंबर 2001, ती वॉशिंग्टनमध्ये होती, हॉटेलच्या खिडकीतून पेंटागॉन जळताना दिसत होतं. सगळ्या बाराही गाण्यांवर शेमस मर्फीनं छोट्या फिल्म केल्या, तो अफगाणिस्तानात वर्षानुवर्षं काम केलेला फोटोग्राफर. पुढे दोघं मिळून कोसोवो, अफगाणिस्तान, वॉशिंग्टनला गेले आणि त्यातून 2016 चा द होप सिक्स डिमॉलिशन प्रोजेक्ट आला. त्यात तिनं स्वतः बघितलेलं आहे. तरी मला वाटतं की ईपच्या चर्चमध्ये, दुसऱ्यांचं वाचून, दुसऱ्यांसाठी गायलेली ही बारा गाणी जास्त खोल गेलीत.