मुलाखतीची धास्ती कशाला?

नमस्कार श्रोतेहो.

वेर्णा, कुंडई, पिळर्ण... गोव्यातल्या या औद्योगिक वसाहतींत सकाळी कारखान्याच्या फाटकाशी फाइल छातीशी धरून उभी असलेली मुलं तुम्ही पाहिली असतील. आत इंग्रजीचीच परीक्षा आहे, असं त्यातल्या कितीतरी जणांनी धरूनच ठेवलेलं असतं. चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीला एकदम इंग्रजीत गेलेल्या आपल्या मुलांच्या मनातून ही धास्ती जाता जात नाही. मग ती स्वतःची ओळख इंग्रजीत घोकून येतात.

मी मुलाखती घ्यायला बसतो. सत्तरी तालुक्यातला एक फिटर असाच आला होता. तिसऱ्या वाक्याला अडखळला, कानशिलं लाल झाली. मी विचारलं, "अप्रेंटिस असताना शेवटचा पंप कुठला उघडलास?" तसा तो सावरला. सील गळत होतं. दोनदा बदललं, तरी गळतच राहिलं. मग यानं मोटर-पंप जोडणाऱ्या कपलिंगवर डायल गेज हे बारीक मापाचं यंत्र लावलं, तर मोटर आणि पंप एका रेषेत नव्हते. मोटरखाली शिम, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या, सरकवल्या आणि गळती थांबली. अर्धं कोकणी, अर्धं मराठी, मध्ये इंग्रजी शब्द. आम्हाला जे हवं होतं, ते त्यात सगळं होतं. हॉटेलच्या रिसेप्शनला इंग्रजी लागतंच, ते मी नाकारत नाही. पण फिटरला पंप कळला पाहिजे.

दुसरा गैरसमज देहबोलीचा. बोलण्यातल्या शब्दांना फक्त ७ टक्के महत्त्व, बाकी ९३ टक्के आवाज आणि चेहरा, असं शिबिरांतून छातीठोकपणे सांगतात. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतले. ते प्रयोग सुटे शब्द उच्चारताना राग-लोभ कसा कळतो, एवढ्यापुरतेच होते. नोकरीच्या मुलाखतीशी त्यांचा काही संबंध नाही. नीटनेटके कपडे घाला, नजर चोरू नका. तेवढं पुरे.

आणि समोरचे लोक कागदावरचे प्रश्न वाचून विचारत असतील, हसत नसतील, तर खट्टू होऊ नका. मोकळ्या गप्पांपेक्षा सगळ्यांना ठरलेले तेच प्रश्न विचारले, की माणूस जास्त अचूक पारखता येतो, हे श्मिट आणि हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये जुन्या संशोधनांचा आढावा घेऊन दाखवलं. ती पद्धत तुमच्याच भल्याची आहे. शेवटी आपण प्रश्न विचारणं हाही उद्धटपणा नव्हे. शिफ्ट कुठल्या, कंपनीची बस वाळपईपर्यंत येते का, खुशाल विचारा.

मला सगळ्यात जास्त कळवळून सांगायचं आहे ते सरकारी नोकरीबद्दल. वशिला आणि पैसे यांशिवाय मुलाखत पार पडत नाही, असं घरोघरी बोललं जातं. याच समजुतीवर लोक लुबाडले जातात. २०२४ मध्ये आपल्या गोव्यातच नोकरीच्या आमिषानं लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी झाल्या, अटकाही झाल्या. कुणी दागिने मोडले, कुणी कर्ज काढलं. केंद्र सरकारनं तर १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या आहेत. तेव्हा आधी जाहिरात शेवटपर्यंत वाचा. मुलाखत आहे की फक्त लेखी परीक्षा, कोकणीची अट आहे का, रहिवासी दाखला किती वर्षांचा हवा, हे त्यातच छापलेलं असतं. "मुलाखतीचं मी बघतो" म्हणत कुणी पैसे मागितले, तर त्याचे मेसेज पुसू नका. ते घेऊन सरळ पोलीस स्टेशन गाठा.

नमस्कार.