मणक्यातला क्षय

(एमआरआयच्या पडद्यावर कणा, बाजूने)

कण्याचं हे चित्र वरून खाली पाहत या. मणका, चकती, मणका, चकती. आणि इथे, छाती संपून कंबर सुरू होते तिथे, दोन मणके एकमेकांत रुतलेत. हा क्षयरोग आहे. खोकला नाही, थुंकीत रक्त नाही. छातीचा एक्स-रेसुद्धा कधीकधी स्वच्छ येतो.

(सूक्ष्मदर्शकाखाली)

निळ्या पार्श्वभूमीवरच्या या लाल काड्या म्हणजे क्षयाचे जंतू, रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये जगाला दाखवलेले. श्वासावाटे फुप्फुसात शिरतात, तिथून रक्तातून हाडात. मणक्यात ठाण मांडतात ते बहुधा पुढच्या बाजूला, चकतीलगतच्या कडेला. हाड भुसभुशीत होत जातं. चकती मात्र बराच काळ तग धरते, कारण तिला विरघळवणारी विकरं (एन्झाइम) या जंतूंकडे नसतात. पू करणारे नेहमीचे जंतू तिचा लवकर फडशा पाडतात. पुढून मणका खचला आणि मागून शाबूत राहिला, की कणा पुढे झुकतो, पाठीवर कुबड येतं. हे कुबड आणि लुळे पडणारे पाय यांचं नातं पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७९ मध्येच लिहून ठेवलं होतं. जंतूचा पत्ता लागायला आणखी शंभर वर्षं गेली.

(स्कॅन, कमरेपासून जांघेपर्यंत)

क्षयानेही पू होतो; आता तो कुठे निघालाय बघा. कण्यापासून मांडीपर्यंत जाणाऱ्या सोअस स्नायूच्या आवरणातून उतरत थेट जांघेत. गाठ जांघेत, रोग पाठीत! हाताला गरम लागत नाही, लालीही नाही; म्हणून हे थंड गळू.

(खुब्याचा एक्स-रे)

खुबा आणि गुडघाही सुटत नाहीत. सांध्याचं अस्तर सुजतं, कूर्चा कडेने कुरतडली जाते. दिवसा स्नायू सांध्याला आवळून धरतात. झोपेत ते सैल पडले, की दुखरा सांधा हलतो आणि मूल किंचाळून उठतं. घरच्यांना वाटतं, स्वप्न पडलं.

(सुई मणक्यात शिरताना)

तपासणीसाठी मणक्याचा हा तुकडा काढणं टाळू नये. कर्करोगही स्कॅनवर असाच दिसू शकतो, आणि कोणतं औषध जंतूवर चालेल हे चित्र सांगत नाही, तुकडा सांगतो.

औषधं अनेक महिने, पुष्कळदा वर्षभर. मज्जारज्जू दाबला गेला तर पाय जातात. बऱ्याच जणांचे औषधांनीच परततात, काहींना शस्त्रक्रिया लागते. मुलांचं कुबड रोग बरा झाल्यावरही वाढू शकतं, म्हणून उंची वाढायची थांबेपर्यंत त्यांना तपासणीला बोलावत राहतात.