बोंडूची वाईन निवळताना

फोंड्याकडचं हे स्वयंपाकघर. ओट्यावर काचेची बरणी, आत काजूच्या बोंडूची वाईन. फसफस थांबलीय, पण बरणीमागे धरलेलं बोट अजून दिसत नाही.

बोंडूच्या रसात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर. घसा खवखवतो त्यानेच, आणि गढूळपणाही बराचसा त्याचाच. जिलेटिन त्याला धरतं आणि तळाशी घेऊन बसतं. पाच लिटरला साधारण एक ग्रॅम पुरे. गरम पाण्यात विरघळवायचं, उकळायचं मात्र नाही. हात सैल सुटला तर वाईन पुन्हा धुरकट होते, तेव्हा आधी पेलाभर वाईनवर करून बघावं.

हे जिलेटिन येतं जनावरांच्या कातडी-हाडांतून. आयसिंग्लास माशाच्या वायुपिशवीचं, कायटोसान बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्यांच्या कवचाचं. कुणी अंड्याचा पांढरा बलक घालतं, कुणी दुधातलं केसीन. गाळ काढला तरी थोडा अंश वाईनमध्ये राहू शकतो. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, राहणारी घरं गोव्यात किती! आणि कोळंबी खाल्ली की ओठ सुजणारी माणसंही असतात. त्यांना न सांगता पेला पुढे करणं अक्षम्य आहे.

शाकाहारी उपाय घरातच सापडतो: साबुदाण्याची पातळ खळ. रस आंबवायला ठेवण्याआधीच ती मिसळली, की टॅनिन खाली बसतं आणि वरचा नितळ रस ओतून घेता येतो.

बेंटोनाइट ही माती, प्रथिनांमुळे आलेला गढूळपणा काढणारी. लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, रात्रभर पाण्यात भिजवून. ती खाण्याच्या दर्जाचीच हवी. बांधकामातली किंवा फेसपॅकची चालणार नाही. कोरडी पूड उडते, म्हणून मोजताना नाकातोंडावर मास्क लावा. विहिरीचं पाणी तुरटीने निवळतं, पण वाईनमध्ये तुरटी नको. तिच्यातलं अॅल्युमिनियम पेल्यात उतरतं.

बिअरचं काम त्यामानाने सोपं. उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत आयरिश मॉस, म्हणजे समुद्री शेवाळ, घालायचं. पुढचं फ्रिजची थंडी करते.

नितळ दिसली म्हणजे आंबणं संपलं, असं मात्र नाही. डोळ्यांना न दिसणारं यीस्ट उरतंच. साखरही शिल्लक असेल, तर एप्रिलच्या उकाड्यात बुच लावलेली बाटली फुटू शकते. हायड्रोमीटर, म्हणजे साखरेचा अंदाज देणारी तरंगती नळी, तिचा आकडा सलग काही दिवस हलला नाही, तरच बाटल्या भरा. आणि प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवा: तारीख, आणि निवळायला काय घातलं ते.