स्टॅटलर ब्रदर्स: गाव न सोडता गाजलेले चौघे

नमस्कार मंडळी! १९६६ सालच्या ग्रॅमीपासून सुरुवात करू. गायक-गटांच्या एका पुरस्कारासाठी बीटल्सचं 'हेल्प!' स्पर्धेत होतं, सुप्रीम्सही होत्या. पुरस्कार नेला व्हर्जिनिया राज्यातल्या स्टँटन नावाच्या छोट्या शहरातल्या, चर्चमध्ये गाऊन तयार झालेल्या चौघांनी. गाणं होतं 'फ्लॉवर्स ऑन द वॉल', आणि गट स्टॅटलर ब्रदर्स.

आधी नावाचा घोळ मिटवू. चौघांत स्टॅटलर कुणीच नाही. सख्खे भाऊ दोघेच, हॅरल्ड आणि डॉन रीड. फिल बाल्सली आणि लू डिविट हे मित्र. आधी ते 'किंग्जमेन' नावाने गायचे, पण त्या नावाचे दुसरे गट निघाले. मग हॉटेलच्या खोलीत टिश्यूचा खोका दिसला, त्यावर स्टॅटलर असं छापलेलं. झालं बारसं!

आता खरी गंमत, म्हणजे आवाज. आपल्या कानाला एकाच चालीमागे जायची सवय. इथे चार जण एकाच वेळी चार वेगळे सूर धरतात. गोव्यातल्या चर्चमधला कॉयर ऐकला असेल तर हा प्रकार ओळखीचा वाटेल. डॉन मुख्य चाल गातो. त्याच्या वर लूचा टेनर, खाली फिलचा बॅरिटोन. फिल सहसा वेगळा ऐकू येत नाही, पण तो काढला तर गाणं पोकळ होईल. आणि तळाशी हॅरल्डचा बेस, अगदी खर्जातला. हा बेस नुसता मागे गुणगुणत बसत नाही. मध्येच एखादी ओळ एकटा उचलतो आणि लोक हसतात. स्टेजवरचे विनोदही बहुतेक हॅरल्डचेच.

१९६४ पासून आठेक वर्षं ते जॉनी कॅश या कंट्री गायकाच्या ताफ्यात होते. कंट्री म्हणजे अमेरिकेतलं गावाकडच्या वळणाचं लोकप्रिय संगीत. १९६८ मध्ये कॅशने कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर केलेल्या गाजलेल्या कार्यक्रमातही होते. 'फ्लॉवर्स ऑन द वॉल' लूने लिहिलं. एकटा पडलेला माणूस भिंतीवरच्या कागदाची फुलं मोजतो, एक पान हरवलेल्या कॅटने पत्ते खेळतो आणि वर सांगतो, माझं मस्त चाललंय. चाल मात्र उड्या मारणारी.

पण माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं गाणं ते नाहीच. ते आहे १९७२ चं 'द क्लास ऑफ फिफ्टी सेव्हन', हॅरल्ड आणि डॉनने लिहिलेलं. १९५७ साली शाळा संपवलेल्या एका वर्गाची ही हजेरी आहे. कोण जुन्या गाड्या विकतो, कोण केस कापते, कोण विमा विकतो. एकाने जीवही दिलाय, आणि तेही त्याच सुरात, पुढच्या नावाकडे जाता जाता सांगितलं जातं. कुठेही गळा काढलेला नाही. कादंबरीकार कर्ट व्हॉनगट या गटाला अमेरिकेचे कवी म्हणायचा, त्याचं कारण इथे कळतं.

असं गाणं गाव सोडलेल्या माणसाला सुचलं असतं का? मला शंका आहे. कंट्री संगीताचा सगळा बाजार टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात, पण हे स्टँटनलाच राहिले. तिथली जुनी शाळा विकत घेऊन तिच्यात ऑफिस थाटलं. १९७० पासून २५ वर्षं दर ४ जुलैच्या सुमारास गावातल्या जिप्सी हिल पार्कमध्ये उत्सव भरवला.

लूला क्रोन्स हा आतड्याचा आजार होता. १९८२ मध्ये तो बाहेर पडला, १९९० मध्ये गेला. जागी आला जिमी फॉर्च्युन. पोरगा काय नशीब घेऊन आला बघा: गटाची चार गाणी कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरवर गेली, त्यातली तीन जिमीने लिहिलेली! पुढे टीव्हीवर स्वतःचा शो, २००२ मध्ये निरोपाचा कार्यक्रम, २००८ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम, म्हणजे कंट्रीतल्या मानकऱ्यांमध्ये जागा. हॅरल्ड २०२० मध्ये गेला.

ऐकायचं असेल तर आधी 'क्लास ऑफ फिफ्टी सेव्हन', मग जिमीचं 'एलिझाबेथ'. हेडफोन लावा आणि दुसऱ्यांदा ऐकताना डॉनला सोडून फक्त फिलला शोधा. सापडला तर कमेंटमध्ये सांगा कुठल्या ओळीत.