आधी फायली बाहेर, मग दुरुस्ती

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे येऊन बसा, खुर्च्या आहेत.

विषय एकच आहे. कॉम्प्युटर चालू होत नाही, लोगो येतो, खाली गोल फिरत राहतो, नाहीतर निळी स्क्रीन येऊन परत रिस्टार्ट, परत तेच. अशा वेळी आपल्याकडे पहिलं वाक्य काय ऐकू येतं? "फॉरमॅट मारावा लागेल." माझ्या ओळखीच्या एक बाई शिक्षिका आहेत, त्यांना एका दुकानात हेच सांगितलं, वर "डेटाची गॅरंटी नाही" म्हणाले. लॅपटॉपमध्ये तीन वर्गांचे निकाल, मुलांचे फोटो आणि वडिलांच्या आवाजातली काही रेकॉर्डिंग होती, वडील आता नाहीत. बाई लॅपटॉप तसाच उचलून माझ्याकडे आल्या. डिस्क एकदम ठणठणीत होती हो, फक्त बूटची, म्हणजे विंडोज सुरू करायला लागणारी माहिती बिघडली होती. म्हणजे घर शाबूत आणि दाराचं कुलूप अडकलंय, एवढंच.

तर आधी कुठे अडकलंय ते बघायचं. बटण दाबलं की मदरबोर्डवरचं यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, जागं होतं, ते डिस्कवरचं छोटं ईएफआय पार्टिशन, म्हणजे बूटच्या फायलींचा कप्पा, शोधतं, बऱ्याच मशीनवर ते १०० एमबीच्या आसपास असतं, त्यात विंडोजचा बूट मॅनेजर असतो, तो बीसीडी नावाची यादी वाचतो आणि मग खरं विंडोज लोड व्हायला लागतं. "नो बूटेबल डिव्हाइस" असं आलं तर बायोसमध्ये, म्हणजे याच यूईएफआयच्या सेटिंगमध्ये, जाऊन डिस्क दिसते का बघा, दिसतच नसेल तर सॉफ्टवेअरच्या मागे लागून उपयोग नाही. लोगोपर्यंत येऊन अडकत असेल तर मात्र आशा भरपूर.

दुरुस्तीची हत्यारं विंडोजमध्येच दिलेली असतात, त्याला रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट म्हणतात. लागोपाठ दोन-तीनदा बूट फसलं की ते आपोआप उघडतं. नाही उघडलं तर लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरायचं, बंद करायचं, असं दोन-तीनदा करायचं. मग निळ्या स्क्रीनवर ट्रबलशूट, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स.

इथं सगळे घाईघाईत स्टार्टअप रिपेअरवर क्लिक करतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, त्याच्या आधी कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडा, पेन ड्राइव्ह लावा आणि नोटपॅड टाइप करून एंटर मारा. नोटपॅड उघडतं. त्यात फाइल, ओपन, खाली टेक्स्ट डॉक्युमेंट्सच्या जागी ऑल फाइल्स निवडा, की तुमचे सगळे ड्राइव्ह दिसतात. यूजर्समध्ये जा, आपल्या नावाचा फोल्डर उघडा, राइट क्लिक करून कॉपी आणि पेन ड्राइव्हवर पेस्ट. कॉपी चाललेली असताना हिरवी पट्टी वगैरे काही दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, पण काम चालू असतं, धीर धरा, बंद करू नका. बाईंची रेकॉर्डिंग अशीच निघाली, चाळीसेक मिनिटं आम्ही दोघं त्या गोठलेल्या खिडकीकडे बघत बसलो होतो.

एक अडचण येते, ती म्हणजे बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो. मग ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाची किल्ली, मागतात, ती मिळाल्याशिवाय फायली दिसत नाहीत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं असेल तर दुसऱ्या फोनवरून त्याच अकाउंटमध्ये जाऊन बघा, बहुतेक वेळा तिथं सेव्ह असते. आज घरी गेल्यावर हे एवढं एक काम करा, ती रिकव्हरी की कागदावर लिहा आणि कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.

फायली बाहेर निघाल्या की मग स्टार्टअप रिपेअर चालवा. कालच अपडेट आलं आणि आज बंद पडलं असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्स बघा, आणि रिस्टोअर पॉइंट, म्हणजे आधीच्या चांगल्या स्थितीची नोंद, असेल तर सिस्टम रिस्टोअर. नंतर सेफ मोड, म्हणजे फक्त अगदी गरजेच्या गोष्टींवर विंडोज सुरू करणं. १९ जुलै २०२४ आठवतोय ना? क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले, आपल्याकडे काही विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. त्या मशीन कशा उठल्या? बऱ्याच ठिकाणी माणसं एकेका मशीनपुढे बसली, सेफ मोडमध्ये गेली आणि एक फाइल डिलीट केली. फॉरमॅट नाही मारला.

एवढं करूनही उठलं नाही तर परत कमांड प्रॉम्प्ट. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, तुमचा नेहमीचा सी ड्राइव्ह इथं डी किंवा ई म्हणूनही दिसू शकतो, त्यामुळे आधी डीआयआर ही कमांड टाकून विंडोज फोल्डर कुठे आहे ते बघा आणि मगच डिस्क तपासणारी सीएचकेडीएसके किंवा विंडोजच्या फायली तपासणारी एसएफसी चालवा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर सीएचकेडीएसके अजिबात नको, मरणाऱ्या डिस्कला ते झेपत नाही. इंटरनेटवर बूटरेक या बूट दुरुस्त करणाऱ्या हत्याराच्या कमांड जागोजागी सापडतात, पण यूईएफआयवाल्या मशीनवर त्यातली फिक्सबूट बऱ्याचदा ॲक्सेस डिनाइड म्हणतं. तिथं बीसीडीबूट जास्त कामाचं, डिस्कपार्ट या पार्टिशन सांभाळणाऱ्या हत्यारातून ईएफआय पार्टिशनला एस हे अक्षर द्यायचं आणि बीसीडीबूटनं बूटच्या फायली नव्यानं लिहायच्या. पण डिस्कपार्टमध्ये क्लीन हा शब्द चुकूनही टाइप करू नका, तो विचारत नाही, सगळी पार्टिशनं उडवतो.

रीसेट धिस पीसी अगदी शेवटी. कीप माय फाइल्स निवडलं तरी टॅली, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, तुमचे मराठी फॉन्ट हे सगळं परत टाकावं लागतं.

आता हा टेबलावरचा लॅपटॉप बघा, याची बीसीडी मी सकाळी मुद्दाम उडवून आणलीय. कोण येतंय पुढे? या ताई, या. कीबोर्ड तुमच्या हातात, मी फक्त बाजूला उभा राहतो.