मातीच्या पाटीवरचं आकाश

(पडद्यावर: मातीची पाटी, तिच्यावर पाचरीसारख्या खुणांच्या दाट ओळी.)

ही पाटी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती सापडली निनवेला, आजच्या इराकमधल्या मोसूलजवळ, अश्शूरच्या असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयात. पाटी इ.स.पू. सातव्या शतकातली; मजकूर मात्र त्याहून किमान आठ-नऊशे वर्षं जुना, बाबिलोनच्या अम्मिसदुका राजाच्या काळातला. शुक्र कधी दिसेनासा झाला, किती दिवस गायब राहिला आणि पुन्हा कुठल्या दिशेला उगवला, याची एकवीस वर्षांची ही नोंद.

एक नोंद ऐका. अकराव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी शुक्र पश्चिमेला मावळला. तीन दिवस दिसला नाही. अठराव्या दिवशी पूर्वेला उगवला. आणि लगेच फळ: झरे वाहतील, पाऊस येईल, नद्यांना पूर येतील, एक राजा दुसऱ्या राजाला समेटाचा निरोप धाडेल.

हे फळ सगळ्या राज्याचं आहे. तुमचं-माझं भविष्य त्यात कुठेच नाही. तेव्हाचं आकाश बोलायचं ते राजाशी. ग्रहण अशुभ निघालं, तर अश्शूरचे राजे काही दिवस दुसऱ्याच माणसाला गादीवर बसवत, म्हणजे अरिष्ट त्याच्यावर जावं. नंतर त्या माणसाचा जीव घेतला जाई. आकाशावर इतका गाढ विश्वास होता.

(पडद्यावर: रात्रीचं आकाश, नांगरलेलं शेत.)

त्या आकाशातली चित्रं शेतातली होती. आज आपण जिला मेष म्हणतो, तिथे बाबिलोनी लोकांना मेंढा दिसत नव्हता; त्यांना दिसायचा मजुरीवर ठेवलेला गडी. कन्येच्या जागी होती नांगराची सरी, आणि तिथली देवी हातात जवाचं कणीस धरून उभी. वृषभ, सिंह आणि वृश्चिक मात्र तेव्हापासून जवळजवळ जसेच्या तसे आहेत.

इ.स.पू. पाचव्या शतकात बाबिलोनच्या पंडितांनी जे केलं, ते मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत मोठं वाटतं. आकाशातले तारकासमूह लहानमोठे असतात. कन्या ऐसपैस पसरलेली, कर्क एवढीशी. त्यांनी सूर्याच्या वाटेचे सरळ बारा सारखे भाग केले, प्रत्येकी तीस अंशांचे. बारा महिने, महिन्याचे तीस दिवस, हाच तो हिशोब. त्या दिवसापासून रास म्हणजे मोजपट्टी झाली, आणि कुठला ग्रह कधी कुठे असेल याचं गणित मांडता येऊ लागलं.

मग इ.स.पू. ४१० मधल्या एका पाटीवर एक मूल जन्माला येतं. गुरू मीनेत, शुक्र वृषभेत, शनी कर्केत, मंगळ मिथुनेत. मूल राजाचं नाही, तरी ग्रह त्याच्यासाठी मांडलेत.

या पत्रिकेत लग्न, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास, मात्र नाही. ते आलं इजिप्तच्या बाजूने. इजिप्तचे लोक छत्तीस तारकागटांच्या उदयावरून रात्रीचे तास मोजत. चार हजार वर्षांपूर्वीच्या शवपेट्यांच्या झाकणांवर त्यांचे तक्ते रंगवलेले आहेत. पुढे ग्रीक बोलणाऱ्या इजिप्तमध्ये ही तास मोजण्याची रीत आणि बाबिलोनच्या राशी एकत्र आल्या. जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवणाऱ्या बिंदूला ग्रीकांनी नाव दिलं ‘होरोस्कोपोस’, तास पाहणारा. ‘होरोस्कोप’ हा शब्द तिथला. इ.स. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या खगोलपंडित टॉलेमीने हे सगळं चार खंडांत बांधलं. त्याने मेषेचा आरंभ वसंतसंपातापासून, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखी होताना सूर्य जिथे असतो त्या बिंदूपासून, धरला. पाश्चात्त्य ज्योतिष आजही तसंच मोजतं. आपलं निरयन गणित ताऱ्यांना धरून चालतं. तो संपातबिंदू ताऱ्यांमधून हळूहळू सरकतो, म्हणून आज दोघांत सुमारे चोवीस अंशांचा फरक पडतो.

आपल्या पंचांगातल्या ‘होरा’, ‘केंद्र’ आणि ‘द्रेष्काण’ या शब्दांचं मूळही ग्रीकच. आपल्याकडचा प्राचीन ज्योतिषी वराहमिहिर याने ते ऋण मोकळेपणाने मानलं: यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलं आहे, म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो, असं तो लिहितो. त्याने वर्णन केलेली कन्या रास कशी आहे? नावेत बसलेली मुलगी, एका हातात अग्नी, दुसऱ्या हातात धान्य.

(पडद्यावर: पूर्वेकडे उगवणारा पूर्ण चंद्र.)

बाबिलोनच्या देवीच्या कणसाचा तो तारा लॅटिनमध्ये स्पायका झाला. अर्थ तोच, कणीस. आपण त्याला चित्रा म्हणतो. चैत्री पौर्णिमेला अंधार पडल्यावर पूर्वेकडे पाहा. चंद्राच्या जवळपास तो पांढराशुभ्र लकाकत असतो.