उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर

(स्काउट-गाईडमधल्या लहान मुला-मुलींची, म्हणजे कब-बुलबुलची पथकं चालवणाऱ्या प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आरामात बसा, मी शिट्टी वाजवणार नाही. आयुष्यभर पुरेल इतकी वाजवून झाली आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासूनच करते. शाळेच्या मैदानावर आमच्या पथकाचा एक दिवसाचा मेळावा होता. मार्च महिना. चुलीवर ऊन येऊ नये म्हणून मुलांनी चार बांबूंना ताडपत्री बांधली होती. अकराच्या सुमारास वाऱ्याची एक वावटळ आली आणि ताडपत्रीचा एक कोपरा सुटून थेट आमटीच्या पातेल्यात गेला. मुलांना हसू आवरेना. मी मात्र ती सुटलेली दोरी हातात घेतली आणि गप्प झाले. कारण तो कोपरा ज्या मुलानं बांधला होता, त्याच्या प्रगतीपुस्तिकेत ‘गाठी येतात’ या ओळीसमोर माझीच सही होती. आदल्या महिन्यात पुस्तिका तपासणीला पाठवायच्या म्हणून मी एका बैठकीत बावीस पुस्तिकांवर सह्या केल्या होत्या. बावीस मुलांची गाठ बघायला किती वेळ लागतो? फार तर तासभर. मला सह्यांना सात मिनिटं लागली असतील.

त्यातली गंमत पुढेच आहे. त्या पोरानं जाड नायलॉनच्या दोरीला सुतळी जोडली होती, आणि जोडताना दोन्ही वेळा उजवंच टोक वर घेतलं होतं. उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर, अशी घेतली तर ती सपाट गाठ, रीफ नॉट. दोन्ही वेळा एकाच बाजूनं घेतली की ती वाकडी बसते आणि ओढ लागली की सरकते. इंग्रजीत तिला आजीबाईची गाठ म्हणतात. आपल्याकडच्या आज्या काही इतक्या कच्च्या गाठी मारत नाहीत, ते सोडा. पण खरं सांगू का, त्यानं सपाट गाठ अगदी बिनचूक मारली असती तरी ती तिथे टिकली नसती. एक दोरी जाड आणि एक बारीक असेल तर शीट बेंड लागते. ती मी शिकवलीच नव्हती. सपाट गाठ पट्टी बांधायला चांगली, अंगाला टोचत नाही आणि सोडताना चटकन सुटते. म्हणजे पोराला अर्धी गाठ येत होती आणि बाईंना अर्धा धडा.

आता थोडं मागे जाते. १९०७ चा ऑगस्ट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल बंदरात ब्राउन्सी नावाचं छोटं बेट आहे. तिथे स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल वीसेक मुलं घेऊन राहिले. त्यात ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली मुलं होती आणि गावातली कामकरी घरांतलीही होती. लांडगा, बैल, कर्ल्यू, रेव्हन असे चार संघ. कर्ल्यू म्हणजे लांब, वाकड्या चोचीचा एक पक्षी, रेव्हन म्हणजे डोमकावळा. या मुलांना लिलीच्या फुलाचं पितळी चिन्ह मिळालं. त्याखालची ‘तयार राहा’ ही पट्टी मात्र लगेच मिळाली नाही. ती गाठी, माग काढणं आणि झेंड्याची माहिती या परीक्षा दिल्यावर. म्हणजे स्काउटिंग नावाची संस्था व्हायच्या आधीपासून बॅज आहे आणि बॅजच्या आधी गाठ आहे.

मोठ्यांनी हे सगळं सुंदर मांडलं, पण दार सगळ्यांना उघडं नव्हतं हेही सांगायला हवं. भारतात सुरुवातीची पथकं युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. आपल्या मुलांना त्यात जागा नव्हती, म्हणून ॲनी बेझंट यांनी मद्रासला, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादला वेगळ्या संस्था काढल्या. हे सगळे प्रवाह स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काउट्समध्ये एकत्र आले आणि पुढच्या वर्षी गाईड्सही आल्या. आपल्या बाह्यांवरचा बॅज असा बऱ्याच भांडणांनंतर शिवला गेलाय.

लहानांचा विभाग १९१६ चा. त्याची सगळी कथा किपलिंगच्या जंगल बुकातली. अकेला, बघीरा, बल्लू ही मंडळी तिथली. हे जंगल म्हणजे मध्य प्रदेशातल्या शिवनीचं. आज ज्याला पेंच म्हणतो त्याचा एक भाग नागपूर जिल्ह्यात येतो. म्हणजे आपली मुलं गोऱ्या साहेबाची गोष्ट ऐकत नाहीत, शेजारच्या जंगलाची ऐकतात. विदर्भातल्या बाईंनी हे पोरांना जरूर सांगावं.

सहा मुलांचा एक सिक्स आणि त्याचा म्होरक्या सिक्सर. आमच्याकडे पहिल्याच शनिवारी एकानं विचारलं, “बाई, मी फोर झालो तर चालेल का?”

सभेचा क्रम तुम्हाला पाठ आहे. गोल, झेंडा, प्रार्थना, नखं-रुमाल-बुटांच्या नाड्या, खेळ, नवीन काहीतरी, गोष्ट, विसर्जन. त्यावर मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते त्या ‘नवीन काहीतरी’ आणि सही यांच्या मधल्या जागेबद्दल.

बेडन-पॉवेल यांनी पथकप्रमुखांसाठी लिहिताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: बॅज कामाच्या दर्जासाठी नाही, त्या मुलानं स्वतः किती धडपड केली त्यासाठी. शाळेत पस्तीस गुणांची रेघ सगळ्यांना सारखी असते. इथे प्रत्येक मुलाची रेघ वेगळी. ऐकायला गोड वाटतं, पण करायला घेतलं की पंचाईत होते.

माझ्या पथकात एका धनगराचा नातू होता. खुंट्याला दोरी बांधायची ती गाठ, क्लोव्ह हिच, मी फळ्यावर काढून दाखवत होते. तो मागच्या रांगेतून म्हणाला, “बाई, ही तर करडाची गाठ.” पुढे आला, बाकाच्या पायाला एका हातानं, न बघता, दोन वेढे टाकले आणि ओढून दाखवली. मला ती फळ्याकडे बघत बघत जमत होती. आता याला गाठींची सही द्यायची का? गाठ येते, ती तर माझ्यापेक्षा चांगली येते. पण धडपड? ती त्यानं चौथ्या वर्षी आजोबांच्या मागे माळावर कधीच करून टाकलेली. मी त्याला सांगितलं, तुझी सही तेव्हाच, जेव्हा तुझ्या सिक्समधली दोन मुलं ही गाठ मारतील. तो वैतागला. त्यातला एक डावखुरा होता, त्याला सगळं उलटं दाखवावं लागायचं. तीन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी तो डावखुऱ्यासमोर न बसता त्याच्या पाठीमागे उभा राहिला, त्याच्या खांद्यांवरून आपले हात पुढे काढले आणि त्याच्याच बाजूनं गाठ मारून दाखवली. शिकवण्याची ही रीत मला कुणी डी.एड.ला सांगितली नव्हती.

दुसरं उदाहरण किमच्या खेळाचं. ताटात चोवीस वस्तू, वर रुमाल. रुमाल काढायचा, एक मिनिट बघायचं, झाकायचं, मग आठवून लिहायचं. खेळाचं नावही किपलिंगच्याच एका कादंबरीवरून आलंय. त्यात सिमल्याच्या एका दुकानात पोराला ताटातली रत्नं लक्षात ठेवायला लावतात. आमच्या ताटात रत्नं कुठली? चिंचोका, सुपारी, सेफ्टी पिन, भोवरा, लवंग, खडू, मेणबत्तीचं थोटूक, दोन रुपयांचं नाणं. एक मुलगी कायम सात-आठवर अडकायची. एकदा तिनं अठरा लिहिल्या. मला शंका आली, शेजारणीचं बघितलं असेल. विचारलं तर म्हणाली, “मी त्यांना किमती लावल्या बाई. आधी रुपयाच्या आतल्या, मग पाचाच्या आतल्या.” तिच्या वडिलांचं किराणा दुकान. चोवीसपैकी बावीस लिहिणारा मुलगाही त्या दिवशी होता, पण तो पहिल्या दिवसापासून बावीसच लिहायचा. सही तिला आधी मिळाली. त्याच्या वडिलांनी मला येऊन विचारलं, की माझ्या मुलाचे गुण जास्त असून असं कसं. मी समजावलं. त्यांना पटलं नाही, आणि त्यांचं चुकलं असंही मला वाटत नाही. सगळी शाळा ज्या मापानं चालते तेच माप ते लावत होते.

पालकांचा दुसरा प्रश्न ठरलेला: पुढे दहावीला याचा काही फायदा होतो का? प्रश्न विचारू द्यावा. पण दुसरीतल्या मुलाच्या आईनं तो विचारला की मला चहा कडू लागतो.

आणि ती खरी कमाई, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवायचे! कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९४९ पासून पोरं घरोघर जाऊन शिलिंगभराचं काम मागायची. बूट पुसू का, बाग झाडू का. आपल्याकडे तिचा झालाय खाऊचा बाजार. भेळ, वडे, सरबत. वडे कोण तळतं? आई, पहाटे पाचला उठून. मुलं फक्त गल्ला मोजतात. मी तुम्हाला म्हणते, आईच्या हातचा वडा ज्या टेबलावर असेल तिथे सही करू नका. पोरानं स्वतः पिळलेलं लिंबू असेल, त्यात बिया तरंगत असतील, साखर तळाशी बसली असेल, तिथे करा. आमच्या एका पोरानं तसलं सरबत विकलं. मी दोन ग्लास घेतले. दुसरा संपवायला कष्ट पडले.

सही करताना आता मी काय करते ते सांगते. शिकवलं त्या दिवशी परीक्षा घेत नाही. पंधरा दिवस जाऊ देते. मग खेळाच्या मध्येच हातात दोरी देते आणि म्हणते, ही बादली त्या फांदीला टांग. गाठीचं नाव विचारत नाही. बादलीत पाणी असतं. पाणी अंगावर आलं नाही तर सही. काही मुलं दोन-तीनदा भिजली आहेत. उन्हाळ्यात तर काही मुद्दाम भिजतात, याकडेही लक्ष ठेवावं लागतं.

एक सही मात्र मी करायची नसते. रोजचं एक सत्कृत्य. बेडन-पॉवेल यांनी मुलांना सांगितलं होतं, सकाळी स्कार्फच्या टोकाला एक गाठ मारा आणि कुणाच्या तरी उपयोगी पडलात की सोडा. मला ही युक्ती लगेच आवडली, कारण माझी आजी पदराला गाठ मारून ठेवायची. निरोप सांगायचा, उसनं परत करायचं, काहीही असो, पदराला गाठ. मुलांनाही आवडलं. शनिवारी दुपारी घरी जाईपर्यंत सगळ्यांच्या गाठी सुटलेल्या असायच्या. कुणी फळा पुसला, कुणी मित्राचं दप्तर धरलं. मी विचारत नसे.

एका शनिवारी तिसरीतला एक मुलगा संध्याकाळी माझ्या घरी आला. टोकाला गाठ तशीच. म्हणाला, “बाई, आजीला नळावरून पाणी आणून दिलं. पण ती म्हणाली, हे तर तुझं रोजचंच काम. मग हे धरायचं की नाही?”

मी म्हटलं, “तूच ठरव.”

सोमवारी तो शाळेत आला तेव्हा साध्या गणवेशावर स्कार्फ घातलेला होता, आणि टोकाची गाठ होती तशीच होती.